म्युझिक व्हिडिओ, मराठी

म्युझिक व्हिडिओ म्हणजे एखादे स्वतंत्र गाणे लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून त्याच गाण्यावर केलेला छोटा चित्रपट. सिनेमातल्या गाण्याला मागेपुढे कथा असते. इथे तीन-चार मिनिटांत सगळे उभे करून मोडायचेही असते. म्हणून या प्रकारात दिग्दर्शकाची भिस्त पटकथेपेक्षा जागा, वेशभूषा आणि संकलनाच्या लयीवर असते.

अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही सुरू झाली आणि या प्रकाराला हक्काचे घर मिळाले. आपल्याकडे त्याची पहिली मोठी चुणूक दाखवली ती दूरदर्शनने. 15 ऑगस्ट 1988 रोजी दाखवलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे राष्ट्रीय एकात्मतेचे गीत. त्याच्या संगीतरचनेत अशोक पत्कींचा हात होता. हेतू प्रचाराचा, पण घडण अस्सल व्हिडिओची: चेहरे आणि भूप्रदेश सुरांच्या धाग्याने जोडलेले. 1995 मध्ये केन घोष यांनी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ला राजदरबाराचा थाट दिला आणि मिलिंद सोमण घरोघरी पोहोचला. मराठीत नव्या शतकाच्या सुरुवातीला वैशाली सामंतच्या ‘ऐका दाजिबा’ने ही वाट रुळवली, व्हिडिओत मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण होते. 2011 मध्ये नाइन एक्स झकास ही मराठी गाण्यांची वाहिनी आली. तोवर प्रेक्षक यूट्यूबकडे सरकू लागला होता.

खरी उलथापालथ साधनांनी केली. 2008 च्या कॅनन फाइव्ह-डी मार्क टूने फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी मिळवून दिली. पुढे हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल आला आणि ड्रोनही आले. आकाशातून टिपलेले दृश्य पूर्वी हेलिकॉप्टर परवडणाऱ्यांचे होते. आता ते गावातल्या हौशी टोळीच्याही आवाक्यात आले.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने निघाले की लागणारे आरे-वारे ही या बदलाची पारख करायला चांगली जागा आहे. डोंगराच्या कडेने चढणारा रस्ता, खाली शेजारशेजारच्या दोन पुळणी, मध्ये समुद्रात घुसलेला डोंगर, काठाला सुरूचे बन. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येते आणि पाण्याचा खरा रंग तेव्हाच दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो. चेहरे काळवंडतात, उरतात त्या आकृत्या. एकाच गाण्याचे दोन तुकडे या दोन वेळांना घेतले तर रंग जुळवताना संकलकाची तारांबळ उडते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक न पाहता आलेल्यांची गत याहून वाईट. सकाळी जिथे नायिका नाचली ती वाळू दुपारी पाण्याखाली असू शकते.

लाटांसारखी संथ हालचाल हवी पण ओठ गाण्याशी जुळायला हवेत, यासाठी एक जुनी युक्ती आहे. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, कलाकाराने त्याच घाईने ओठ हलवायचे, सेकंदाला 50 चौकटी टिपायच्या आणि 25 च्या गतीने दाखवायच्या. पडद्यावर केस आणि पदर तरंगतात, शब्द मात्र बरोबर जागी पडतात. समुद्राच्या गाजेत स्पीकर ऐकू येणे ही वेगळीच कटकट.

29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर काही आठवड्यांतच रील्स आणि शॉर्ट्स भारतात अवतरले आणि चौकट उभी झाली. आरे-वारेचे सौंदर्य तर आडवे पसरलेले! समुद्राकडे तोंड करून उभ्या चौकटीत टिपले तर हाती फक्त पाण्याचा पट्टा लागतो. किनाऱ्याच्या रेषेत उभे राहिले, की रस्ता खालून वर चढत जातो आणि एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लाट बसते. आता बरेच दिग्दर्शक एकच दृश्य दोन्ही चौकटींसाठी बेततात. त्यात दोन्हीकडे थोडी तडजोड होतेच. 2024 मध्ये संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ गाजले ते मूळ व्हिडिओइतकेच त्यावर लोकांनी स्वतः केलेल्या असंख्य रील्समुळे. अशा गाण्याचा अर्धा दिग्दर्शक प्रेक्षकच असतो. ड्रोनच्या सुळसुळाटाने मात्र किनारे एकसारखे दिसू लागले आहेत. वरून घेतलेले तेच ते दृश्य कोणत्याही गाण्याला चिकटते आणि गाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन व्यावसायिक चित्रणासाठी उडवायचा तर ते लागते. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ असल्याने उड्डाणाआधी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणे आवश्यक आहे, आणि पावसाळ्यात कलाकाराला आरे-वारेच्या पाण्यात उतरवू नये.