शरीरात राहून गेलेले कण

जबलपूरजवळ भेडाघाटी चांदण्या रात्री नर्मदेतून नाव निघाली म्हणजे दोन्ही तीरांचे संगमरवरी कडे उजळून दिसतात. ते केवळ शुभ्र आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्या पायथ्याशी काळेभोर पाणी आहे म्हणून. वैद्यकीय छायाचित्रणाचाही नियम हाच. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण गवसले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु रक्तवाहिन्या, यकृत, प्लीहा हे मृदू भाग परस्परांच्या छायेत हरवत. त्यांना उठाव देणारे द्रव्य हवे होते.

लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९२७ साली आयोडीनयुक्त क्षार रक्तात सोडून मेंदूच्या वाहिन्यांचे चित्र मिळविले. १९३१ पासून ते थोरोट्रास्ट वापरू लागले. त्रावणकोरच्या मोनाझाइट वाळूत असणारे, गॅसबत्तीच्या जाळीला शुभ्र प्रकाश देणारे जे थोरियम, त्याच्याच ऑक्साइडचे हे कण. आकार अवघा काही नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. चित्रे सुरेख येत आणि रोग्याला तत्काळ त्रासही होत नसे. जगभर लक्षावधी लोकांना हे द्रव्य दिले गेले.

मात्र काम झाल्यावर हा पाहुणा जाणार कोठून? १९३२ मध्येच अमेरिकेत धोक्याची सूचना दिली गेली होती. पण समोरच्या स्पष्ट चित्रापुढे ती फिकी पडली. कण यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत ठाण मांडून बसले. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचे. त्याचे अल्फा कण भोवतालच्या पेशींवर अहोरात्र आघात करीत राहिले. वीस-तीस वर्षांनी, तपासणीचे स्मरणही पुसट झाल्यावर, अनेकांना यकृताचा कर्करोग जडला.

पुढच्या पिढीने हा धडा गिरविला. चुंबकीय प्रतिमेत यकृत पाहण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण आले. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. पेशी ते हळूहळू विरघळवितात आणि त्यातील लोह शरीराच्या साठ्यात जमा होऊन रक्तनिर्मितीच्या कामी येते. आता अशाच कणाला अल्पायुषी किरणोत्सारी अणू जोडून एकाच द्रव्याने दोन यंत्रांवर प्रतिमा मिळविण्याचे प्रयोग चालू आहेत. एका प्रतिमेत अवयवाची रचना दिसावी, दुसरीत त्याचे कार्य.

अशा कणांची परीक्षा चित्राच्या स्पष्टतेवर संपत नाही. चित्र घेऊन झाल्यावर ते कोठे जातात, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे. थोरोट्रास्टच्या वेळी हा हिशेब वैद्यकाने लांबणीवर टाकला आणि तो रोग्यांना चुकता करावा लागला.