वेठीतून जन्मलेला शब्द, गटारात उशिरा पोचलेले यंत्र

'रोबोट' हा शब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने राबणे. आपल्या भाषेत वेठ. वतनाच्या नावाखाली सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस उपसणाऱ्या महारांच्या नातवंडांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती वेठ मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले होते.

१९६१ साली न्यू जर्सीत, जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. काम काय, तर साच्यातून निघणारे तापलेले धातूचे भाग उचलणे. तिथल्या कामगारामागे युनियन होती. त्याच्या पगाराला आणि जखमेला किंमत होती. मालकाला यंत्र परवडते ते अशा ठिकाणी. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस युनिमेटवाल्या जोसेफ एंगलबर्गर यांचाच 'हेल्पमेट' रुग्णालयात जेवण पोचवू लागला.

आणि आपल्याकडे? हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' मात्र २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. जेनरोबोटिक्स या केरळच्या तरुण अभियंत्यांच्या कंपनीने तो बनवला. यंत्राचा एक भाग आत उतरतो, पाय पसरून स्थिर होतो, कॅमेऱ्याने पाहतो, गाळ बादलीत भरतो. कामगार वर रस्त्यावर पडद्यासमोर उभा राहून ते चालवतो. २००८ साली चंद्राकडे यान धाडणाऱ्या देशाला हे आधी जमले नसते? जमले असते. पण माणसाला दोरी बांधून खाली सोडणे स्वस्त होते, आणि तो माणूस स्वस्त होता कारण त्याची जात आधीच ठरलेली होती.

१९४५ साली गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांकडे वळवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून 'रोबोट आला, प्रश्न मिटला' हे मला मान्य नाही. उद्या यंत्र चालवणाऱ्याचा पगार वाढला, तर त्या पडद्यासमोर आपला सफाई कामगार उभा असेल की दुसराच कुणी?

मित्रांनो, आपापल्या महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अशी यंत्रे किती घेतली, किती चालू आहेत, ती कोण चालवतो, तो कायम आहे की कंत्राटी, आणि यंत्र असताना माणूस खाली उतरवला गेला तर गुन्हा कोणावर नोंदवला?