नेमणुकीची खुर्ची, निवडणुकीची खुर्ची

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात नगरपंचायतीच्या महिला-राखीव जागांची गोष्ट निघाली होती, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. आपल्या बेशातून उभे कोणी राहावे, असा प्रश्न निघताच इतका वेळ चाललेला गलबला एकदम थांबला. कोणी हातातील वाण न्याहाळू लागल्या, कोणी तिळगुळाचा डबा झाकू लागल्या. एका भगिनीने तेवढे म्हटले, "ह्यांना विचारून सांगते." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण घरी येताना ते हसू माझे मलाच बोचले. त्याचे कारण शेवटी सांगेन. त्याआधी नागपूरच्याच एका बाईंची हकीकत सांगावयाची आहे. त्यांचे नाव अनसूयाबाई काळे.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ सालचा, बेळगावचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे बडोद्यास झाले. लग्न होऊन त्या नागपुरास आल्या आणि कायमच्या नागपूरच्या झाल्या. त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात कोठून झाली असेल? तुमच्याआमच्यासारखीच, मंडळातून! १९२० च्या सुमारास नागपुरात भगिनी मंडळ उभे राहिले, त्यात त्या अग्रभागी होत्या. चार बायका एकत्र जमवणे, वर्गणी गोळा करणे, एकीचे रुसवे काढणे, दुसरीला बोलते करणे, ही जी शाळा आपण दर महिन्याला भरवतो, त्याच शाळेत त्यांनी राजकारणाची मुळाक्षरे गिरवली.

त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. १९१९ च्या कायद्याने प्रांताचे कायदेकौन्सिल वाढले होते. पण मताचा हक्क पैसा, जमीन आणि कर यांवर अवलंबून होता. स्त्रियांना मत द्यावे की नाही, हे तर विलायतेच्या सरकारने स्वतः ठरवलेच नाही. ज्या त्या प्रांतावर सोडून दिले. एकेका प्रांताने तो दरवाजा हळूहळू किलकिला केला. कौन्सिलात काही सभासद निवडून येत, काही सरकार नेमी. १९२८ साली सरकारने नेमलेल्या सभासदांत अनसूयाबाई काळे हे नाव आले.

आता विचार करा. वय बत्तीस. राजधानीच्या शहरात कौन्सिलाची खुर्ची, नावापुढे मान, आणि त्यासाठी कोणाच्या दारी मत मागावयास जावे लागलेले नाही. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कौतुक वाटण्याजोगीच ही गोष्ट. परंतु दोनच वर्षांनी, १९३० साली, गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. देशभर धरपकड सुरू झाली. मध्यप्रांताला समुद्र नाही, मीठ कोठे उचलणार? म्हणून इकडच्या लोकांनी जंगलचा कायदा मोडण्याचे ठरवले. जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. अशा वेळी सरकारने दिलेल्या खुर्चीवर बसून राहणे अनसूयाबाईंना जमले नाही. त्यांनी कौन्सिलाचा राजीनामा दिला, चळवळीत उतरल्या आणि तुरुंगात गेल्या.

मला या हकीकतीत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. मिळालेली खुर्ची सोडणे सोपे नसते. त्यातून बाईला खुर्ची मिळालेली असली तर "एवढ्या वर्षांनी एक जागा मिळाली, तीही घालवलीस" असे म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु ज्याने नेमले त्याला प्रश्न विचारता येत नसतील, तर ती खुर्ची शोभेची होय, हे त्यांनी ओळखले असावे.

पुढे १९३५ चा कायदा आला. त्याने मतदार वाढले, तरी सर्वांना मत मिळाले नाहीच. मालमत्ता असलेली, लिहितावाचता येणारी, किंवा मतदार पुरुषाची पत्नी अथवा विधवा, अशा बाईला मत मिळाले. म्हणजे पुष्कळ स्त्रियांचे मत नवऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे होते! तरीही साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांपैकी अवघ्या ३ स्त्रियांसाठी राखलेल्या. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने ७० जागा जिंकल्या. अनसूयाबाई या खेपेस मते मिळवून सभागृहात आल्या आणि सभागृहाने त्यांना उपसभापती निवडले. सात वर्षांपूर्वी खुर्ची सोडून तुरुंगात गेलेली बाई आता सभासदांना बोलण्याची परवानगी देणाऱ्या खुर्चीवर बसू लागली.

ते सभागृह काही शांत नव्हते. १९३८ साली मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना पद सोडावे लागले आणि रविशंकर शुक्ल आले. मराठी आणि हिंदी भागांची ओढाताण होतीच. १९३९ च्या अखेरीस, महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४२ च्या ऑगस्टात चिमूर आणि आष्टी येथे जे घडले, ते आपल्या भागात अजून सांगितले जाते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गोळीबार झाला, लोक खवळले, सरकारी माणसे मारली गेली. त्यानंतर चिमुरात फौज आली आणि गावच्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. या दोन्ही गावांच्या कामी अनसूयाबाई झटल्या. फाशीची शिक्षा झालेल्या तरुणांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी फार खटपट केली. या वेळी त्यांच्याजवळ कोणतेही अधिकारपद नव्हते. पण मते मागताना जोडलेली माणसे पद गेल्यावरही तुटत नाहीत, असे यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. मग आली १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. या वेळी सातबारा नको, शाळेचा दाखला नको; एकवीस वर्षांचे कोणीही मत द्यावे. मतदार सतरा कोटींवर होते. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी, आणि चिठ्ठी त्या पेटीत टाकावयाची. परंतु भगिनींनो, याच निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, ती का? त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही म्हणून! "अमक्याची आई," "तमक्याची बायको" एवढेच त्यांनी लिहवून घेतले. विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत हे घडले. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तसली नोंद चालवून घेतली नाही.

त्याच निवडणुकीत नागपूरने अनसूयाबाई काळे यांना त्यांच्या स्वतःच्या नावावर लोकसभेत पाठवले. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, लोकांत नाराजी होती. अशा दिवसांत, १९५७ साली, त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा निवडून आल्या. ती मुदत पुरी होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या जागेवर १९५९ च्या पोटनिवडणुकीत बापूजी अणे आले, ज्यांनी पुसदला गवत कापले होते तेच.

आज आपण कोठे आहोत? आपले बेसा नागपूरला चिकटलेले. शेतांचे लेआउट झाले, लेआउटवर फ्लॅट स्कीम आल्या. तरी विधानसभेला आपले मत कामठीत जाते आणि लोकसभेला रामटेकात. त्याच कामठीने १९९९ साली सुलेखा कुंभारे यांना आमदार केले. रामटेकने १९९८ साली राणी चित्रलेखा भोसले यांना खासदार केले. पण २०२४ साली महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत स्त्रिया निवडून आल्या २१. विधानसभा आणि लोकसभेत एकतृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. ती लागू व्हावयाची आहे जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. गावपातळीवर मात्र आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा आपल्याच आहेत.

आता माझे कारण. बेशात राहावयास येण्यापूर्वी, दुसऱ्या एका गावी, १९९७ साली मी ग्रामपंचायतीची सभासद होते. बायकांची राखीव जागा होती, घरच्यांनी फॉर्म भरला, मी सही केली. पाच वर्षांत मी किती सभांना गेले असेन? दोन. एक पहिली आणि एक पंधरा ऑगस्टची. बाकी सभांना हे जात. रजिस्टर घरी येई, कणकेचे हात पुसून मी त्यावर सही करी. एकदा गावातील एक म्हातारी विहिरीच्या कामाचे विचारावयास घरी आली. मी तिला म्हटले, "ह्यांना विचारून सांगते." ती म्हणाली, "मग मत तुला कशाला दिलं, बाई?" मी तिला चहा दिला. उत्तर दिले नाही.

सरकारने अनसूयाबाईंना नेमले होते, तरी ती खुर्ची त्यांनी स्वतःच्या मर्जीने सोडली. मला गावाने निवडले होते, आणि मी त्या खुर्चीवर बसलेच नाही.

तेव्हा यंदा जी भगिनी उभी राहावयाचे मनात आणील, तिच्याबरोबर अर्ज भरावयास मी येईन. मतदारयादीत आपापले नाव नीट आहे की नाही, हेही पुढच्या मासिक सभेत एकदा सगळ्यांनी मिळून पाहू. चष्मा मी आणते.