सैल पडणाऱ्या स्नायूची कुळकथा

चिखलदऱ्याहून गाविलगड पाहायला जाणाऱ्यांना चढणीत दम लागतो, पण पायांचा खरा कस उतरणीला लागतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला अंगाचा सगळा भार पेलावा लागतो. मग मांड्या भरून येतात आणि जरा थांबलं की गुडघे लटलट कापतात. अमरावतीच्या आखाड्यांत बैठका मारणाऱ्यांनाही ही थरथर ओळखीची आहे.

ही थरथर समजायला आधी स्नायूंची जोडी पाहू. अंगाचा भार नसताना गुडघा वाकवला, की मांडीमागचा स्नायू आखडतो, तेव्हा पुढच्याला सैल पडावं लागतं. हे सैल पडणं म्हणजे नुसतं स्वस्थ बसणं नव्हे, तोही एक हुकूम असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं डोळ्याच्या स्नायूंविषयी तसा तर्क केला होता. हा तर्क असलेलं त्याचं पुस्तक १६६२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. पुरावा मात्र इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टननं दिला. गुडघ्याखालच्या शिरेवर हातोडी मारली की पाय उडतो, हे डॉक्टरांना १८७५ पासून माहीत होतं. १८९३ मध्ये शेरिंग्टननं दाखवलं, की मांडीमागच्या स्नायूकडून येणारा निरोप हे उडणं दाबतो. तिथला मज्जातंतू तोडला, तर ते वाढतं. एकाला ‘आखड’ आणि त्याच क्षणी समोरच्याला ‘सोड’, ही जोडी मज्जारज्जूतच जुळते. १९०६ च्या त्याच्या ग्रंथाचा हा कणा आहे. १९३२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचा शिष्य जॉन एकल्स यानं १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकेका पेशीत सूक्ष्म नळी घालून ‘सोड’ हा हुकूम विजेच्या रूपात टिपला. मला या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग हाच वाटतो.

थकवा या जोडीत बिघाड करतो. ताणाची खबर देणारे तंतू मंदावतात आणि ‘सोड’ हा निरोप बराचसा त्यांच्याच वाटेनं जात असतो. दुसरीकडे, दाब, दुखणं आणि साठलेली रसायनं ओळखणारे बारीक तंतू जागे होतात. अशा तंतूंचा मूलभूत अभ्यास आपल्याकडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला होता. जोर बराच वेळ लावून धरला, की समोरासमोरचे दोन्ही स्नायू एकदमच ओढू लागतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. त्यात मेंदूचाही वाटा असतो. सांधा ताठरतो, हालचालीतली सफाई जाते, आणि निसरड्या वाटेवर नेमका तिथंच पाय चुकतो. म्हणून गड उतरताना मांड्या कापू लागल्या, की थांबणंच बरं.

हीच जोडी घरीही कामी येते. रात्री पोटरीत गोळा आला, तर पायाची बोटं हातानं ओढण्याबरोबर स्वतःच्या जोरानंही वर उचलून धरावीत. नडगीचा स्नायू आखडला, की पोटरीला ‘सोड’ हा हुकूम जातो.