बजावणी न झालेले वॉरंट

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल देहूरोड सोडते आणि तळेगाव येण्यापूर्वी दोन लहान स्थानकांवर थांबते : बेगडेवाडी आणि घोरावाडी. मोठ्या गाड्यांना ही स्थानके असून नसल्यासारखीच. समजा, बेगडेवाडीला एकोणीस वर्षांचा एक मुलगा लोकल चुकू नये म्हणून रूळ ओलांडताना पकडला गेला. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील १४७ व्या कलमाखाली या कृत्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्यवहारात असे प्रकरण बहुधा दंडावर मिटते. परंतु हा मुलगा तारखेला गेलाच नाही. पुढे नोकरीसाठी परगावी गेला, पत्ता बदलला, लग्न झाले. दरम्यान न्यायालयाने वॉरंट काढले, शिपाई जुन्या पत्त्यावर जाऊन आला, आणि 'इसम मिळून आला नाही' असा शेरा पडून कागद परत गेला. वीस वर्षांनी तो पासपोर्टसाठी अर्ज करतो तेव्हा हा कागद पुन्हा त्याच्या वाटेत येतो. कारण अर्जदाराच्या नावे न्यायालयाचे अटक वॉरंट असेल तर पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे.

हा मुलगा कल्पित आहे; त्याच्या वाटेतला कायदा मात्र कल्पित नाही. काढलेले वॉरंट ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत अमलात राहील, असे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ७५ व्या कलमात म्हटले होते. १९७३ च्या संहितेत हीच तरतूद ७० व्या कलमात आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ७२ व्या कलमात आहे. साम्राज्य गेले, प्रजासत्ताक आले, कायद्यांची नावे बदलली; हे वाक्य मात्र जवळजवळ जसेच्या तसे टिकले. किरकोळ गुन्ह्यांच्या दखलीला मुदत असावी हा विचार १९७३ च्या संहितेने स्वीकारला : केवळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षे. पण ही मुदत खटला सुरू होण्यापुरती. एकदा न्यायालयाने दखल घेतली आणि आरोपी आला नाही, की काळाचे चाक त्याच्यापुरते थांबते. गुन्हा जुना होतो, गुन्हा करणारा मध्यमवयीन होतो, कागद मात्र तारखेच्या दिवशी होता तितकाच ताजा असतो.

आपल्याकडे हे नेहमीच असे नव्हते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'गुन्हेगारी' हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही. तिथे गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल घ्यावयाचा दंड. 'खंडगुन्हेगारी' ही तर जमाखर्चातली एक बाबच होती. गुन्हा ही माणसाला कायमची चिकटलेली अवस्था नसून रक्कम भरून मिटवायचे देणे होते, असे या शब्दावरून म्हणता येईल. गाव सोडून परागंदा झालेल्या रयतेला परत आणायचे तर सरकार कौल देत असे. अभयपत्र मिळाले की माणूस पुन्हा आपल्या वतनावर. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दंड कोणाकडून किती घ्यायचा हे जातीवर आणि ऐपतीवर ठरत होते, आणि ज्याच्याकडे भरायला काही नव्हते त्याच्या वाट्याला कौल क्वचितच येत असे. तरीही 'परत येण्याचा कागद' नावाची एक गोष्ट त्या दप्तरात होती, याची नोंद घ्यायला हवी.

इंग्रजी अमलात कागदाची दिशा उलटली. पुरंदर परिसरातल्या उमाजी नाईकाला आधी चोरीच्या आरोपावरून कैद झाली होती. त्या तुरुंगवासात तो लिहावाचायला शिकला, ही गोष्ट त्याला पुढे पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशलाही नोंदवावीशी वाटली. नंतर बंड, जाहीरनामे, बक्षिसे, मध्येच माफी आणि सरकारी चाकरी, पुन्हा बंड, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी. तुरुंगात शिकलेली अक्षरे त्याने जाहीरनामे काढण्यासाठी वापरली. सरकारने त्याच्यावर कागद काढले आणि त्यानेही सरकारवर काढले.

विसाव्या शतकातले पां. म. बापट हे उदाहरण वेगळ्या जातीचे. मंगलदास नथूभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले, राजकीय भाषणामुळे शिष्यवृत्ती गमावून बसले आणि पॅरिसमध्ये हेमचंद्र दास यांच्याबरोबर बाँब बनविण्याची विद्या शिकून १९०८ साली परतले. त्याच वर्षी अलीपूर खटल्यातील माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतले. पुढली चार-साडेचार वर्षे बापट अज्ञातवासात होते. १९१२ च्या अखेरीस इंदूरला ते पकडले गेले. पण तोवर ज्याच्या जबानीवर सारे अवलंबून होते तो साक्षीदार, नरेन गोसाईं, जगात नव्हता : ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी त्याला गोळ्या घातल्या होत्या. साक्षीदार मेला तरी शोध चालूच राहतो आणि आरोपीला चार वर्षे पळावे लागते. जुन्या वॉरंटातला हा विरोधाभास बापटांइतका क्वचितच कोणाच्या चरित्रात दिसेल. सुटून आल्यावर त्यांनी पारनेरचे रस्ते झाडायला घेतले. आणि १९२१ साली मावळाला लागून असलेल्या मुळशी खोऱ्यात, टाटांच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात ते उतरले तेव्हा लपण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे शेतकऱ्याचा गुन्हा म्हणजे स्वतःच्याच जमिनीवर जाऊन बसणे, आणि तो उघडपणे करणे हेच त्याचे मर्म.

हजर व्हावे की होऊ नये, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तीव्रतेने विचारला गेला तो बेचाळीसनंतर. तारा तोडणारे, पत्रके वाटणारे, निरोप पोचविणारे यांत विशीतली, क्वचित त्याहूनही लहान मुले होती. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटलेल्या गांधीजींना भूमिगतांची गुप्तता मान्य नव्हती. त्यांनी उघड होण्याचा सल्ला दिला. जूनमध्ये अरुणा असफ अली यांना पाठविलेल्या पत्रात तर त्यांनी सुचविले की, तुम्ही स्वतः हजर व्हा आणि तुमच्यावर लावलेले बक्षीस मिळवून ती रक्कम हरिजनकार्याला द्या. सरकारची बक्षिसाची जाहिरात आरोपीनेच वसूल करावी ही कल्पना खास गांधींची! अरुणाबाईंनी पत्राचा मान ठेवला, सल्ला मानला नाही. त्यांची दिल्लीतली मालमत्ता जप्त होऊन विकली गेली होती. २६ जानेवारी १९४६ रोजी वॉरंट मागे घेतल्यावरच त्या प्रकट झाल्या. जुलै १९४४ मध्ये गांधीजी पाचगणीला होते, म्हणजे ज्या जिल्ह्यात प्रतिसरकार चालले होते त्याच सातारा जिल्ह्यात. काही कार्यकर्ते हजर झाले. नाना पाटील झाले नाहीत. १९४६ साली वॉरंटे उठल्यावर ते लोकांसमोर आले.

गांधीजींच्या सल्ल्यामागे नीतिविचार होता : कृत्य माझे आहे असे म्हणणारा माणूस आणि ते कृत्य यांच्यात अंतर पडू नये. भूमिगतांचे उत्तरही नीतीचेच होते. ज्या न्यायालयाचा अधिकारच आम्हांला मान्य नाही, त्यापुढे हजर होणे म्हणजे तो मान्य करणे. या वादाचा निवाडा मला करता येत नाही. मात्र या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, आणि ती यशवंतराव चव्हाणांच्या बाबतीत दिसते. कायद्याची पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालेले यशवंतराव भूमिगत झाले. त्यांच्या पत्नी वेणूताईंनाही अटक सोसावी लागली. १९४३ साली त्या फलटणला आजारी असताना यशवंतराव त्यांना भेटायला गेले आणि तिथे पकडले गेले. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात तो काळ आला आहे. तिथे ना तत्त्व म्हणून हजर होणे होते, ना तत्त्व म्हणून लपणे. घरी कोणी आजारी होते, इतकेच. तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, हेच यशवंतराव मुंबई सरकारात गृहखात्याचे संसदीय सचिव झाले आणि १९६६ साली देशाचे गृहमंत्री. ज्या खात्याच्या कागदांवर एकेकाळी त्यांचे नाव होते, ते खातेच त्यांच्या हाती आले.

यानंतर जे घडले ते इतिहासकारांपेक्षा कादंबरीकारांना अधिक सुचावे असे आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. तुरुंगवास भोगलेल्यांचे काम तुलनेने सोपे. तुरुंगाचा दाखला आणावा. भूमिगतांचे काय? नियम असा झाला की, सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहिलेला माणूस पात्र ठरेल, परंतु तो फरारी म्हणून घोषित झालेला असावा, किंवा त्याच्या अटकेसाठी बक्षीस लावलेले असावे, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा आदेश निघूनही बजावला गेलेला नसावा. म्हणजे ज्या कागदाच्या भीतीने माणसाने रानोमाळ रात्री काढल्या, तोच कागद आता म्हातारपणी सन्मानाचा आधार. आणि तो सापडेना. पोलीस ठाण्यांतील जुने दप्तर ठरावीक काळाने नष्ट होते. तेव्हा दप्तर उपलब्ध नसल्याचा दाखला आणा आणि सोबत एखाद्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे, मी याला तेव्हा ओळखत होतो अशा आशयाचे, प्रमाणपत्र जोडा, अशी वाट काढण्यात आली. जो माणूस खरोखर चांगला लपला, ज्याचे नाव पोलिसांना कधी कळलेच नाही, त्याच्याजवळ दाखवायला काहीच उरले नाही. यश इतके पूर्ण की पुरावा शून्य!

आणि जिथे कागदाला मोल आले, तिथे खोटा कागदही आला. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावाने बनावट स्वातंत्र्यसैनिकांनी निवृत्तिवेतन घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; २००५ साली न्यायालयाने न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे चौकशी सोपविली. एका पिढीने आपल्यावरचे वॉरंट चुकविले. पुढे काहींनी आपण फरारी होतो असे सिद्ध करण्याची खटपट केली. फरारी असणे हा कलंक की किताब, हे तो कागद कोणत्या राजवटीत वाचला जातो यावर ठरले.

मावळात हा प्रश्न संपलेला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडविला. दिवस मुद्दाम क्रांतिदिनाचा. बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला आणि आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. बेचाळीसच्या क्रांतिदिनाला आपण पाठ्यपुस्तकात स्थान दिले; त्याच तारखेला रस्त्यावर आलेल्या मावळातल्या तरुणाच्या वाट्याला आरोपीचे नाव आले. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, त्यांतली एक राजवट परकी होती आणि दुसरी आपण निवडलेली. पण नोकरीच्या अर्जावरील 'आपल्याविरुद्ध काही गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्याला हा फरक कळत नाही. तिथे होय किंवा नाही एवढेच लिहिता येते.

बेगडेवाडीच्या आपल्या मुलासमोर यांपैकी कोणतीच थोर अडचण नाही. त्याने कोणाचे राज्य उलथविले नाही, त्याला निवृत्तिवेतनही नको. त्याने वकिलामार्फत त्या न्यायालयात स्वतः हजर राहावे, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, उशिराचे कारण सांगावे. आपणहून आलेल्या माणसाकडे न्यायालय बहुधा पकडून आणलेल्यापेक्षा वेगळ्या नजरेने पाहते. गुन्हा कबूल असेल तर दंड भरून त्याच दिवशी प्रकरण संपू शकते. मात्र रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि ती पोलीस ठाण्यात पोचली की नाही हेही पाहावे. मुंबईतील एका वकिलाला १५ ऑगस्ट २००२ रोजी, वॉरंट आधीच रद्द झालेले असताना, त्याच वॉरंटावरून अटक झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाला अजामीनपात्र वॉरंटांसाठी नोंदवही ठेवावी, कागदाला क्रमांक द्यावा, बजावणी न झालेला कागद कारणासह परत करावा, अशा साध्या कारकुनी सूचना द्याव्या लागल्या.