मशीन इमेज आणि मध्यवर्ती कॉन्फिगरेशन सर्व्हर

मशीन इमेज म्हणजे सर्व्हरच्या डिस्कची, लगेच चालू करता येईल अशा अवस्थेत गोठवलेली प्रत. ऑपरेटिंग सिस्टिम, पॅकेजेस, सुरक्षेचे पॅच, खाती आणि सेटिंग्ज तीत आधीच बसवलेली असतात. तिच्यावरून एक सर्व्हर उभा करा किंवा शंभर, सगळे सारखेच निघतात. अशी इमेज हाताने घडवता येते, स्क्रिप्टने घडवता येते, किंवा संस्थेतील सगळ्या सर्व्हरांची सेटिंग्ज ज्या एका ठिकाणी ठेवलेली असतात त्या मध्यवर्ती कॉन्फिगरेशन सर्व्हरला विचारूनही घडवता येते. ही नोंद तिसऱ्या पद्धतीविषयी आहे. पॅकर हे इमेज घडवणारे साधन आणि त्याच्या जोडीला शेफ किंवा पपेट यांचा सर्व्हर, ही या पद्धतीतली रुळलेली मांडणी.

ठाणे जिल्ह्यात या कामाला मोठा वाव मिळाला तो ठाणे-बेलापूर पट्ट्यामुळे. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या या पट्ट्यात आधी रसायने आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते. आज त्याच भागात, ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई विभागातून क्लाउड सेवा सुरू केली. पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, हे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक आल्यावर तर बँका आणि पेमेंट कंपन्यांना भारतातच सर्व्हर उभे करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या पट्ट्यातले सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण डोंबिवली, कल्याण, बदलापूरचे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर मार्गामुळे ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-रबाळे गाठणे हा त्यांचा रोजचा क्रम झाला. पॅच मारणे, नवा सर्व्हर चढवणे, रात्री दोनचा फोन घेणे, ही त्यांची कामे. आणि त्यातले किती फोन येतील हे बरेचसे इमेज कशी घडवली यावर ठरते.

मध्यवर्ती सर्व्हरची कल्पना पॅकरसारख्या साधनाहून जुनी आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफएंजिन लिहिले. ल्यूक केनीज यांचे पपेट २००५ मध्ये आले, शेफ २००९ मध्ये, सॉल्ट २०११ मध्ये. यांचा ढाचा साधारण एकच असतो: प्रत्येक सर्व्हरवर एक एजंट बसतो, ठरावीक वेळाने (पपेटमध्ये मुळात दर ३० मिनिटांनी) मध्यवर्ती, म्हणजेच मुख्य, सर्व्हरकडे जाऊन ‘मी कसा असायला हवा’ हे विचारतो, आणि जो फरक सापडेल तो दुरुस्त करतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या सर्व्हरांसाठी हे उत्तमच होते. पुढे क्लाउडवर गर्दीप्रमाणे सर्व्हर वाढवण्या-घटवण्याची सोय आली आणि या ढाच्यातली उणीव उघडी पडली. कोरा सर्व्हर उठतो, एजंट बसवतो, पॅकेजेस उतरवतो आणि कामाला लागतो, यात कित्येक मिनिटे जातात. तिकीट विक्री किंवा सेलची गर्दी तेवढी थांबत नाही. मिचेल हाशिमोतो यांनी जून २०१३ मध्ये पॅकर प्रसिद्ध केले ते इमेज घडवण्याचे काम आपोआप व्हावे म्हणून. त्यामुळे जे काम सर्व्हर उठल्यावर व्हायचे ते आधीच उरकून ठेवता येऊ लागले.

शेफच्या जोडीने एक इमेज घडताना काय होते ते बारकाईने पाहू. पॅकर क्लाउडवर एक तात्पुरता सर्व्हर उभा करतो आणि एसएसएचने आत शिरतो. तिथे टेम्प फोल्डरमध्ये एक कामचलाऊ जागा करून नोंदणीसाठी लागणारी शेफची व्हॅलिडेशन की आणि सेटिंगची फाइल ठेवतो, शेफ बसवतो. मग हा सर्व्हर मुख्य सर्व्हरकडे स्वतःची नोंद करतो. वेगळे नाव दिले नसेल तर ‘पॅकर’ आणि पुढे एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक, असे नाव त्याला मिळते. रन-लिस्टप्रमाणे, म्हणजे काय चालवायचे त्याच्या यादीप्रमाणे, कुकबुके (शेफच्या सूचनांचे संच) उतरतात आणि एकामागून एक चालतात. ती सुरळीत संपली की पॅकर मुख्य सर्व्हरवरची ती नोंद आणि तिची ओळख काढून टाकतो, कामचलाऊ फोल्डर पुसतो, डिस्कची प्रत घेतो आणि तात्पुरता सर्व्हर मोडून टाकतो.

पपेटमध्ये नोंदीची जागा प्रमाणपत्र घेते. एजंट प्रमाणपत्र मागतो, मुख्य सर्व्हरने सही केल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. त्यामुळे रात्री आपोआप चालणाऱ्या कामात सही कोण करणार हे आधीच ठरवावे लागते. येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप सही देण्याचा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक. इमेज घडवण्यासाठी आधीच काढून ठेवलेले प्रमाणपत्र पॅकरच्या हाती देणे केव्हाही बरे. पपेटची आणखी एक खोड नवख्यांना हमखास अडवते. सविस्तर निकाल मागितल्यावर एजंट शून्य परत देतो तो ‘काही बदलले नाही’ या अर्थाने. बदल झाले आणि ते यशस्वी झाले तर दोन देतो. चार किंवा सहा आले तर काहीतरी फसले. कोऱ्या सर्व्हरवर बदल होणारच, म्हणजे निकाल दोन येणारच. शून्याखेरीज सगळे अपयश मानण्याची युनिक्सची सवय इथे चालत नाही. पॅकरला हे ठाऊक असते. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टला ते शिकवावे लागते.

या पद्धतीतला खरा कळीचा मुद्दा पुसण्याचा आहे. घडवताना इमेजला मुख्य सर्व्हरशी बोलण्यापुरती ओळख लागते, पण ती ओळख प्रतीत राहता कामा नये. समजा, पपेटचे प्रमाणपत्र आतच राहिले आणि त्या इमेजवरून चाळीस सर्व्हर उठले. चाळीसही जण एकाच नावाने मुख्य सर्व्हरकडे जातात. त्याच्या लेखी सर्व्हर एकच, फक्त त्याचा आयपी पत्ता घडीघडीला बदलतो आहे. शेफमध्ये चाळीस जण एकमेकांची नोंद खोडत राहतात. एसएसएचच्या यजमान-किल्ल्या (होस्ट की) राहिल्या तर एक सर्व्हर फोडणाऱ्याला उरलेल्या सगळ्यांचे सोंग घेता येते. लिनक्सची मशीन-आयडी फाइल राहिली तर काही जाळ्यांत दोन सर्व्हरांना एकच पत्ता मिळतो, आणि हा दोष शोधायला अख्खा दिवस जातो, कारण प्रत्येक सर्व्हर एकटा तपासला तर निर्दोष दिसतो. म्हणून प्रमाणपत्रे, यजमान-किल्ल्या, मशीन-आयडी, सर्व्हर पहिल्यांदा उठताना त्याची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटच्या खुणा, लॉग आणि शेलचा इतिहास पुसणारी पायरी सर्वांत शेवटी ठेवतात. इमेज तपासताना तिच्यावरून एक नव्हे, दोन सर्व्हर उठवावेत. ओळखीचे दोष दोन सर्व्हर शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत.

उलट बाजूने मुख्य सर्व्हरलाही कळावे लागते की समोरचा पाहुणा खरा सर्व्हर नाही, घडणीतली इमेज आहे. पॅकर पपेटला आपल्या बिल्डचे नाव माहिती म्हणून पुरवतो ते याचसाठी. ती पाहून लोड बॅलन्सरमध्ये नाव घालणे, मॉनिटरिंगला कळवणे, डेटाबेसच्या जथ्यात सामील होणे ही कामे गाळता येतात.

या पद्धतीवर गंभीर आक्षेप एकच आहे: मुख्य सर्व्हर आज एक सांगेल, उद्या दुसरे. पॅकरची फाइल तीच राहूनही सोमवारची इमेज शुक्रवारच्या इमेजसारखी निघेलच असे नाही. उपाय म्हणून शेफमध्ये पॉलिसीफाइलने कुकबुकांच्या आवृत्त्या बांधतात, पपेटमध्ये गिटच्या शाखेवरून वेगळे एन्व्हायर्नमेंट देतात, आणि गिटची खूण व तारीख इमेजच्या नावातच घालतात. ही शिस्त नसेल तर मुख्य सर्व्हरविना चालणारी रीत, म्हणजे शेफची कुकबुके किंवा पपेटच्या सूचनांची मॅनिफेस्ट सोबत पाठवून जागच्या जागी चालवणे, जास्त भरवशाची.

इमेजमध्ये काय घालायचे आणि काय मुख्य सर्व्हरवर ठेवायचे, याचा निवाडा १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस करतो. त्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे उच्चदाब वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरकडे अशा वेळेसाठी डिझेल जनरेटर असतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कचेरीतल्या कोपऱ्यातल्या रॅकला बहुधा थोड्या वेळाच्या यूपीएसचाच आधार असतो. मुख्य सर्व्हर अशा रॅकवर असेल तर क्लाउडवर नवा सर्व्हर उठतो खरा, पण त्याला ‘मी कसा असायला हवा’ हे सांगणारे कोणी नसते. पॅकेजेस आणि सुरक्षेच्या सेटिंग्ज इमेजमध्येच असतील तर तो तरीही कामाला लागतो. पासवर्ड, डेटाबेसचे पत्ते, दर आठवड्याला बदलणारे नियम मात्र इमेजमध्ये कधीच घालू नयेत: इमेजची प्रत ज्याच्या हाती लागेल त्याला ते सगळे वाचता येतात.

समान गाभा आणि स्थानिक बदल यांची ही विभागणी कल्याणला नवी नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी नागरी सुविधा केंद्र सुरू करून कामकाज संगणकावर आणले आणि पुढे त्याच धर्तीवर राज्यातल्या इतर पालिकांत ई-गव्हर्नन्स पोहोचले. प्रत्येक पालिकेचे प्रभाग वेगळे, करांचे दर वेगळे; अशा वेळी गाभ्याला हात न लावता बदलता येणाऱ्या गोष्टी बाहेर ठेवाव्याच लागतात.

साधनांची मालकी या दशकात झपाट्याने बदलली. २०२० मध्ये शेफ प्रोग्रेसकडे आणि सॉल्ट व्हीएमवेअरकडे गेले, २०२२ मध्ये पपेट परफोर्सकडे. पॅकरची निर्माती हाशिकॉर्प २०२३ मध्ये मुक्त परवान्यापासून दूर गेली आणि २०२५ मध्ये आयबीएमच्या ताब्यात आली. शेफ आणि पपेटचे जोडभाग पॅकरच्या मूळ गाभ्यातून बाहेर काढले गेले. नव्या कामात अ‍ॅन्सिबल किंवा साधी शेल स्क्रिप्ट जास्त दिसते. पण ज्या बँकांत आणि विमा कंपन्यांत हजारो सर्व्हर आजही पपेट-शेफच्या देखरेखीखाली आहेत, तिथे इमेजही त्याच सर्व्हरला विचारून घडवणे शहाणपणाचे. नियम दोन ठिकाणी लिहिले की ते हटकून वेगळे होत जातात.

भारतात इमेज घडवणाऱ्याला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांकडे लक्ष द्यावे लागते. सर्व्हरची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवलेले हवेत. घड्याळाची सेटिंग इमेजमध्ये घालतात, लॉग कुठे पाठवायचे हे मुख्य सर्व्हरवर ठेवतात. अ‍ॅमेझॉनची इमेज एकाच विभागापुरती असते; मुंबईत घडवलेली इमेज आपत्तीच्या तयारीसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद विभागात हवी असेल तर तिथे तिची वेगळी प्रत करावी लागते, आणि त्या प्रतीला नवा क्रमांक मिळतो.