सहाणेवरचं चंदन, कुपीतला गुलाब



लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडे अत्तर-गुलाबाची तयारी सुरू होते आणि मंदिरात तर चंदन रोजचंच. दोन्ही आपण विश्वासावर घेतो. मागे मी पूजेसाठी एक खोड आणलं. पंधरा दिवस उगाळल्यावर वास संपला, उरलं नुसतं लाकूड. वरून सुगंधी तेल चोळलेलं खोड मी नवांगी पूजेला वापरत होते! मन फार खट्टू झालं. तेव्हापासून याचा इतिहास वाचायला घेतला.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त अंगाला लावायच्या उट्या ऋतूनुसार सांगितल्या आहेत. ‘गंधवाद’ नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथावर तर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी 1945 च्या सुमारास तिच्यावर लिहिलं.

गुलाबाच्या अत्तराची गोष्ट जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिली आहे. नूरजहाँची आई गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर तवंग आला. तो तिने गोळा केला, तेच अत्तर. कनौजला आजही तांब्याच्या डेगेत पाकळ्या उकळतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनतेलात उतरवतात. म्हणजे खऱ्या गुलाब-अत्तराच्या पोटात चंदनच असतं.

म्हैसूरचं चंदन पूर्वी तेल काढायला परदेशी जायचं. पहिल्या महायुद्धात निर्यात थांबली, लाकूड पडून राहिलं. तेव्हा कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात, 1916 मध्ये, आपल्याच देशात तेल काढायचा कारखाना निघाला. पुढे चंदन महागलं आणि अत्तराच्या पोटात पॅराफिन आलं.

आता पारख. चंदनाचा वास सुरुवातीला मंद असतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. लावताक्षणी डोक्यात जाणारा वास चंदनाचा नव्हे. गुलाब-अत्तरात आधी गुलाब येतो, दुपारपर्यंत तो ओसरतो आणि मागे चंदन उरतं. सकाळी होता तसाच गुलाब रात्रीही दरवळत असेल, तर तो बहुधा रसायनाचा. निव्वळ गुलाबतेल धुळ्याच्या थंडीत गोठतं, हाताच्या उबेने पुन्हा पातळ होतं. पण एवढ्यावर भरवसा नको, भेसळही गोठते. खोड घेताना मात्र कडेला थोडं तासून, आतल्या लाकडाचा वास घ्या.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबही मांडते. एक किलो गुलाबतेलाला साधारण 3 ते 5 टन पाकळ्या लागतात, म्हणजे एका ग्रॅमला 3 ते 5 किलो. मग पन्नास रुपयांच्या कुपीवर ‘शुद्ध’ लिहिलेलं कसं मानायचं?

अत्तर मनगटाला लावा, रेशमी साडीला नको, तेलाचा डाग जात नाही. आमच्या जळगावच्या उन्हाळ्यात कुपी कपाटात, अंधारात ठेवा.

जुन्या पाककृतींत कस्तुरी आणि जवादी असतात. त्या वाचाव्यात, पण वापरू नयेत. कस्तुरीसाठी मृग मारला जातो. जिवाच्या दुःखातून आलेला सुगंध आपल्या अंगावर शोभत नाही.

आता माझं खोड लहान आहे, पण शेवटपर्यंत तोच वास देतं. स्वतः झिजून दुसऱ्याला गंध देणं, एवढं तरी चंदनाकडून शिकावं.

काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.